निकालाच्या आधी बोला: माध्यमिक शाळांना एक खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि नववी-दहावीचे वर्गशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की चार-पाच दिवसांत घरोघरी शाखा ठरून जाते. नव्वदच्या वर सायन्स, सत्तर-ऐंशीला कॉमर्स, त्याखाली आर्ट्स आणि कुठेच जमले नाही तर आयटीआय. ही उतरंड कोणत्याही शासन निर्णयात नाही, तरी गावच्या पारापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांत मुलांना वाट दाखवणे हे आमचे काम. आमच्याकडे येणाऱ्या गाऱ्हाण्यांत ‘शाखा चुकली’पेक्षा ‘हे आधी कळले असते तर’ हे वाक्य जास्त ऐकू येते. पालकांच्या वाट्याला दहावीचे वर्ष एकदा नाहीतर दोनदा येते. तुमच्यासमोर दरवर्षी नवी तुकडी बसते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मागणी एवढीच आहे. ‘तुला काय व्हायचंय?’ हा प्रश्न मुलाला विचारण्याआधी कोणते दार कोणत्या महिन्यात बंद होते ते त्याला सांगा, आणि ते दहावीच्या दिवाळीपर्यंत सांगून संपवा. पंधरा वर्षांच्या मुलाने आयुष्यभराचा व्यवसाय नक्की केलाच पाहिजे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. चार दारे उघडी ठेवून वर्षभर विचार करणाऱ्या मुलाची आम्हाला चिंता वाटत नाही. दार बंद झाल्याचे ज्याला दोन वर्षांनी कळते, त्याची वाटते.

सर्वांत मोठे दार गणिताचे. अकरावी सायन्सला नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करायची म्हणून पुष्कळ मुले गणित सोडून दुसरा विषय घेतात. नीटमध्ये गणित नाही, त्यामुळे हिशेब बरोबर वाटतो. पण २०२५ मध्ये नीटला २२ लाखांवर मुले बसली होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य मुले शेवटी दुसरीकडे जाणारच. तेव्हा गणित सोडलेल्या मुलापुढे बी.फार्म., कृषी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बी.एस्सी. हे पर्याय राहतात. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल आणि हवाई दलाच्या शाखा, मर्चंट नेव्ही आणि संख्याशास्त्र हातचे जातात. उलट गणित ठेवून जीवशास्त्र सोडलेल्याचे नुकसान तुलनेने कमी असते, शिवाय बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देऊन नीटला बसण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे. गणितही मुक्त विद्यालयातून नंतर देता येते, पण दोन वर्षे सुटलेले कॅल्क्युलस एकट्याने बसून भरून काढणारी मुले फार थोडी. त्यामुळे ज्याचे मन डगमगते आहे त्याने भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय घ्यावेत आणि अकरावीच्या शेवटी ठरवावे. चार विषयांचा भार खरा आहे, हे मान्य. ज्याला दहावीच्या गणितात मनापासून त्रास झाला, त्याच्यावर तो लादू नये.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनाही गणिताचे वजन आधी सांगायला हवे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे असतात. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायन मिळून उरलेले १००. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावी ‘आरामाचे वर्ष’ म्हणून घालवलेल्याचे ४० गुण तिथेच डळमळीत होतात.

दुसरे दार राज्याच्या सीमेवर आहे आणि ते सर्वांत महाग पडते. दहावीनंतर मुलाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात नाहीतर हैदराबादला पाठवायचे, अकरावी-बारावी तिकडच्याच संस्थेत करायची, असा बेत पालक करतात. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थांतून उत्तीर्ण व्हावी लागते. बोर्ड कोणते याने काही बिघडत नाही, संस्था कुठल्या राज्यात आहे हे पाहिले जाते. अपवाद मोजके आहेत: बदली झालेले सरकारी कर्मचारी, सैनिक, सीमाभागातली मुले असे. बाकीच्यांनी बारावी राजस्थानात केली तर घरच्या राज्याचा कोटा जातो, उरतात १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांची भरमसाट फी. अभियांत्रिकीत नियम एवढा कडक नाही. तिथे आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास वाट निघते. त्यामुळे ‘माझ्या पुतण्याला तर मिळाला प्रवेश’ म्हणणारे काका बहुधा अभियांत्रिकीबद्दल बोलत असतात.

यावर क्लासवाले जो उपाय सुचवतात तो तुम्हाला ठाऊकच आहे: नाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात, मूल तिकडे. हजेरीची तपासणी झाली, प्रात्यक्षिकाची वही अपुरी राहिली, की बारावीच्या परीक्षेलाच अडचण. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासना सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देता येत नाही. माध्यमिक परीक्षा झाल्यावरच नोंदणी व्हायला हवी. तरीही ‘करिअर मार्गदर्शन’ या नावाखाली नववीच्या वर्गात जाहिरातीची पत्रके वाटली जातात, आणि त्यासाठी सभागृह शाळाच देते. कृपया देऊ नका.

तिसरी गोष्ट तारखांची. बारावीच्या निकालानंतर अर्ज भरायचा ही समजूत मुले दहावीतूनच घेऊन जातात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅट अलीकडे डिसेंबरात होते. दोन तासांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. डिझाइनची प्रवेश परीक्षा यूसीड जानेवारीत असते आणि तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. बीबीए, बीसीए, बीएमएसलाही २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर देऊन मग ‘आता लॉ बघू’ म्हणणाऱ्या मुलीची क्लॅट तीन महिन्यांपूर्वीच होऊन गेलेली असते. (पाच वर्षांच्या लॉची राज्य सीईटी वेगळी, ती उन्हाळ्यात होते. दोन्हींत गोंधळ नेहमीचा.)

दहावीतच लागणारी तारीख एक आहे. एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. तिथे अकरावीपासून प्रवेश मिळतो आणि अर्ज दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास भरावा लागतो. निकालाची वाट पाहणाऱ्याला ती संधी कळते तेव्हा लेखी परीक्षा उरकलेली असते. शाळेच्या फळ्यावर जानेवारीत एक ओळ लिहिली तरी पुरे.

गणवेशाच्या नोकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर डोळ्यांचे बोलू. रंगांधळेपण बहुतेकांना आपले आपल्याला कळत नाही. लाल-हिरव्याचा घोळ आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे तो मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त. एनडीए, वैमानिक, मर्चंट नेव्हीचा डेक विभाग, रेल्वेचा लोको पायलट या ठिकाणी तो वैद्यकीय तपासणीत अडतो आणि त्याला औषध नाही. लोको पायलटसाठी तर चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, लेसर करून चष्मा घालवलेलाही चालत नाही. आयटीआयची दोन वर्षे, भरतीची एक-दोन वर्षे घालवून शेवटच्या टप्प्यावर हे कळणारी मुले आहेत. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या पटांची, म्हणजे इशिहारा चाचणी, दहा मिनिटांत होते. दहावीच्या सगळ्या मुलांची ती एकदा करून घ्या. स्थानिक डॉक्टर शाळेसाठी सहसा नाही म्हणत नाहीत. बरोबर उंचीही मोजा. चष्मा असलेल्याला मर्चंट नेव्हीच्या इंजिन विभागात ठरावीक नंबरापर्यंत वाव असतो, हेही त्याच वेळी सांगता येते.

आता डिप्लोमा आणि आयटीआय. या दोन वाटांबद्दल शाळांत जितके कमी बोलले जाते तितके ते मुलांना महागात पडते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा तीन वर्षांचा, किमान पात्रता ३५ टक्के. नंतर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यासाठी डिप्लोमात किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, किंवा डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन. दोन्हीकडून सहा वर्षेच लागतात. फरक असा की दुसऱ्या वाटेवर सीईटी नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, आणि घरची परिस्थिती मध्येच बिघडली तर तीन वर्षांनी हातात नोकरीला चालणारे प्रमाणपत्र असते. बारावी सायन्सवर कुणी नोकरी देत नाही.

मग बिघडते कुठे? पहिल्या सत्रात. दहावीच्या मार्चनंतर मुलाने गणिताला हात लावलेला नसतो. डिप्लोमाचे गणित लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्हवर धावायला लागते, पुस्तके इंग्रजी, आणि सहा-सात आठवड्यांत पहिली चाचणी. मराठी माध्यमाचे मूल तिथे गडबडते, केटी (नापास विषय) साठतात, वायडी होतो म्हणजे वर्ष वाया जाते, आणि घरी ‘याला झेपलं नाही’ असा शिक्का बसतो. उपाय साधा आहे. एप्रिल ते जून रोज तासभर: त्रिकोणमितीची सूत्रे, घातांक, बहुपदी, आणि दोनशे-अडीचशे तांत्रिक शब्द इंग्रजीतून. ही यादी तुमच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना एका दुपारी करता येईल.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड (व्यवसाय अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड लागतो, आणि दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे पदवीचा रस्ता तिथेही तुटत नाही. मुले चूक करतात ती ट्रेड निवडताना: जिथे जागा रिकामी तो ट्रेड. त्याऐवजी जवळच्या एमआयडीसीत कोणती यंत्रे आहेत ते पाहावे. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या पट्ट्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय यांना जे काम आहे ते एखाद्या पर्यटनाच्या तालुक्यात नसेल. तिथे वातानुकूलन दुरुस्तीचा ट्रेड जास्त चालेल. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा घेऊन. मराठवाड्यातल्याच कितीतरी शाळांत त्याचे नावही पोहोचलेले नसते.

कॉमर्सबद्दल एकच गोष्ट जोर देऊन. कनिष्ठ महाविद्यालयात गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, अशी निवड असते आणि गुण चांगले पडतात म्हणून एसपी घेतली जाते. सीए व्हायचे असेल तर फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, त्या पेपरात चुकीला पाव गुण वजा. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्यामुळे पूर्वीचे ठोकताळे जुने झाले. अर्थशास्त्राच्या चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही गणित पदोपदी भेटते. आर्ट्सला जाऊन अर्थशास्त्र करू म्हणणाऱ्याला हे सांगणारे कुणी नसते.

आर्ट्स ही उरलेल्यांची शाखा नाही, हे वाक्य भाषणांत बरेच झाले. आर्ट्स घेणाऱ्या मुलीला पुढच्या पायऱ्या विचारल्या तर त्या नेमक्या सांगता आल्या पाहिजेत. मानसशास्त्रात बी.ए. करून समुपदेशक होता येत नाही, किमान एम.ए. लागते, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. जीएनएम नर्सिंगला आर्ट्सची बारावीही चालते. स्पर्धा परीक्षांना कोणतीही पदवी चालते, म्हणून ‘एमपीएससी करायचीय’ हे शाखा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत यश आले नाही तर ज्या पदवीवर पोट भरेल ती घ्यावी.

इतका वेळ दारांचे बोललो. पण उघड्या दारांपैकी कुठल्यात शिरायचे? इथे शाळा बहुधा चाचणीवर अडकतात. राज्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती. कल म्हणजे आवड. क्षमता वेगळी, आणि आवडही ओळखीच्या गोष्टींचीच असते. ज्याने कधी पाना-स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही त्याची यांत्रिक क्षमता चाचणीत कमी दिसते, मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी चाचणी दिली तर तिची भाषिक क्षमता कमी दिसते. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने मराठीतून, तीन-चार तास देऊन घेतलेली चाचणी उपयोगी पडते, तीही दोन-तीन क्षेत्रे सुचवण्यापुरती. अहवालात एकच व्यवसाय ठळक अक्षरात छापून आला तर शंका घ्या.

आणि बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी डीएमआयटी शाळेच्या आवारात येऊ देऊ नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यावरून मूल डॉक्टर होईल की चित्रकार, हे सांगायला शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही म्हटले आहे. पालकांकडून काही हजार रुपये घेऊन रंगीत फाइल दिली जाते. शाळेच्या नावाने आलेल्या पत्रावर पालक विश्वास ठेवतात, म्हणून ही जबाबदारी तुमची.

चाचणीपेक्षा एक स्वस्त गोष्ट आम्ही सुचवतो. नववीच्या उन्हाळ्यात किंवा दहावीच्या दिवाळीत प्रत्येक मुलाने दोन वेगवेगळी कामे प्रत्येकी एक पूर्ण दिवस पाहावीत, दुकान किंवा कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत. अर्धा दिवस नको, कारण कंटाळा दुपारनंतर येतो आणि तोच पाहायचा असतो. पाहायला मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नये. दोन-तीन वर्षे झालेल्या माणसाजवळ बसावे. हॉस्पिटलमध्ये सर्जनपेक्षा नर्सिंग स्टाफ आणि लॅब टेक्निशियन, कोर्टात नामवंत वकिलापेक्षा त्याचा ज्युनियर, सीएच्या कार्यालयात आर्टिकल करणारा मुलगा. यंत्रांना हात लावायचा नाही, शाळेचे पत्र आणि पालकांची सही बरोबर. मुलाने वहीत तास लिहायचे: उभे राहून किती, पडद्यासमोर किती, अनोळखी माणसांशी बोलण्यात किती, कागद भरण्यात किती. आणि निघताना चार प्रश्न: पहिला पूर्ण पगार कितव्या वर्षी मिळाला, शिक्षणाला एकूण किती खर्च आला, बरोबरचे कोण सोडून गेले आणि का, या कामातला सर्वांत नकोसा भाग कोणता. सोडून गेलेल्यांबद्दलच्या उत्तरातून जेवढे कळते तेवढे माहितीपत्रकातून कळत नाही.

पहिल्या पगाराच्या वयाचे गणित वर्गातही मांडता येईल. एमबीबीएस साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी महाविद्यालयातून केले तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, ती टाळल्यास दहा लाख दंड. मग तीन वर्षांचे पदव्युत्तर. कुठेही ड्रॉप न घेता विशेषज्ञ व्हायला अठ्ठावीस उजाडते. इलेक्ट्रिशियन अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कमवायला लागतो. दोन्ही वाटा चांगल्या. पण धाकट्या दोन भावंडांची शिक्षणे डोक्यावर असलेल्या घरात हा फरक आधी माहीत असावा.

कर्जाचेही तसेच. वर्षाला सव्वा लाख असे चार वर्षे, एकूण पाच लाख कर्ज, सरळ १० टक्के व्याज धरू. शिक्षण आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते: पहिल्या वर्षी उचललेल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. वर्षाला साडेबारा हजार गुणिले चौदा, म्हणजे पावणेदोन लाख. परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर पावणेसात लाख असतात आणि दहा वर्षांसाठी महिना सुमारे ८,९०० रुपये हप्ता बसतो. मुलांना व्याज शिकवताना हे उदाहरण घ्या, सोनाराकडच्या दागिन्यापेक्षा जवळचे वाटेल.

मुलींच्या बाबतीत एक माहिती मात्र जुलैची वाट न पाहता द्या. राज्याच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. वसतिगृह, मेस यांचा खर्च घरचाच. ‘मुलीला एवढी फी कुठून’ म्हणून बी.ए.ला घातलेल्या मुलींपैकी कितीजणींच्या घरी हे पोहोचले असेल, कोण जाणे.

अकरावीच्या अर्जाकडे येऊ. २०२५-२६ पासून ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्यात लागू झाला. दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. मुले नेमकी इथे फसतात: मित्राने टाकले म्हणून पहिल्या क्रमांकावर नावाजलेले महाविद्यालय, ते घरापासून दोन बस बदलून, आणि नंबर लागल्यावर ‘लांब आहे’ म्हणून नकार. पहिल्या जागी तेच लिहावे जिथे रोज जाणे जमेल. दहा जागांपैकी तीन गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा थोड्या वरच्या, चार आपल्या गुणांच्या आसपासच्या, तीन नक्की मिळणाऱ्या अशा भराव्यात. हवा तो विषय, गणित असो, इलेक्ट्रॉनिक्स असो वा मराठी, त्या महाविद्यालयात खरोखर शिकवला जातो का, हे फोन करून विचारावे. नियम दरवर्षी थोडे सरकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका छापून वाचनालयात टांगून ठेवा.

शेवटचे काम तुमच्याच कार्यालयात होऊ शकते, बाहेर कुणाला ते जमणार नाही. बोर्डाची यादी जाण्यापूर्वी आणि दाखला देण्यापूर्वी प्रत्येक मुलाची जनरल रजिस्टरमधली नोंद पालकांसमोर वाचून दाखवा: नावाचे स्पेलिंग, आईचे नाव, जन्मतारीख, जात व पोटजात, आणि जन्मस्थळ गाव-तालुका-जिल्हा-राज्यासह. अभियांत्रिकीच्या प्रवेशात ‘महाराष्ट्रात जन्म’ याचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात नुसते गावाचे नाव असले की मूल अधिवास प्रमाणपत्रासाठी तहसिलीत खेटे घालत बसते. जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा लागतो. जात पडताळणी समिती वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेची नोंद मागते, आणि ती बऱ्याचदा तुमच्याच कपाटात असते. बारावीच्या जूनमध्ये धावाधाव करणाऱ्याचे प्रमाणपत्र वेळेत येत नाही आणि राखीव जागा हातची जाते. मूल शाळा सोडून गेले की रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणे महाकठीण. त्यासाठी लागणारे कागद पालकांनी डिसेंबरपर्यंत आणून द्यावेत, अशी सूचना येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावी ही विनंती.

आपले,
दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांचे काम पाहणारे काही समुपदेशक